गाळलेली ओळ

“रोज ती एकच ओळ काऊन गाळायलीस गं?” सुजलेले पाय ओसरीवर पसरून बसलेली सुगंधाबाई पुटपुटली. नात बबिता ताऱ्यांचा धडा मोठ्यानं वाचायची. तारा म्हातारा झाला की मात्र पोरगी पुढच्या ओळीवर उडी मारायची. सुगंधाबाई दवाखान्यातून आल्यापासून सगळं घरच असं अर्धं बोलत होतं. “वाच.”

बबितानं आजोबांकडं, अंगदरावाकडं, बघितलं, मग वाचलं. “इंधन संपत आले की तारा फुगतो, तांबडा होतो आणि मग विझत जातो.”

सुगंधाबाईनं पायावर बोट दाबलं. पडलेला खड्डा लवकर भरेना.

“अन् तुमी म्हणायलाव, अंग भरलंय.”

अंगदरावानं अंगणातल्या मेंढरांकडं तोंड फिरवलं. “डॉक्टर म्हणला, आता घरीच ठेवा.”