थोरल्याची काठी

असानबाय काकांनी काठी पुढं केली, पण सागिनच्या हातात दिली नाही.

अंगणात उभारलेल्या लोकरी तंबूत सागिनच्या वडिलांचं मयत ठेवलं होतं. आत बायका तंबूच्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. दाराशी धाकटा भाऊ तिलेक कमरेला पट्टा बांधून, काठीवर ओणवा होऊन मोठमोठ्यानं रडत होता. बापाच्या दारात मुलांनी असंच रडायचं असतं. ती हाक ऐकून लोक येतात आणि रडणाऱ्याला कवेत घेतात. थोरल्याची काठी मात्र सकाळपासून काकांच्या मुठीत होती.

"मुल्लासमोर कलमा म्हण, एवढंच. मग खांदा दे, माती दे, सगळा मान तुझा."

"काका, मी ख्रिस्ती आहे. तुम्हाला ठाऊक आहे."

"अरे, ठाऊक आहे म्हणूनच सांगतोय! जिभेला काय हाड असतं? आज वळव, उद्या नारिनला तुझ्या चर्चमध्ये जाऊन येशूची माफी माग. तो म्हणे सगळ्यांनाच माफ करतो. मग घोडं अडलंय कुठं?"

दुसरा दिवस असता तर सागिनला हसू आलं असतं. काका वाईट नव्हते. पुतण्यानं दारात उभं राहावं म्हणून ते मुल्लाच्या किती विनवण्या करून आले होते.

"बाबांनी मला जन्मात एकदाच मारलं," सागिन म्हणाला. "खोटं बोललो म्हणून. आता त्यांच्याच मयताला खोटं बोलू?"

काकांचा चेहरा पडला. "मग जा अंगणाखालच्या पाण्याच्या पाटापलीकडं. आणि बायकांनाही बजावलंय, आत शोकगीतात तुझं नाव निघणार नाही."

सागिन पाट ओलांडून गेला. कमरेला पट्टा नाही, हाती काठी नाही. कुंपणाचा खांब धरून त्यानं टाहो फोडला, "माझ्या उंच डोंगरा, बाबा! कुठं गेलास!"

खालच्या वाटेनं परगावचे घोडेस्वार आले. त्यांना पहिला भेटला तो हाच. रडणारा दिसला की घोड्यावरून उतरायचं, मग तो कोण, कुणाचा, हे विचारत बसायचं नाही. त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा खाली उतरला आणि सागिनला मिठीत घेऊन त्याच्याबरोबर रडला.

"धीर धर, लेका. पण दार सोडून तू इथं कसा?"

सागिननं खरं ते सांगितलं. म्हाताऱ्याची मिठी सैल झाली. त्यानं दाढी पुसली, लगाम धरला आणि तो पाट ओलांडून अंगणाकडं गेला. मागच्यांनी सागिनकडं बघायचंही टाळलं.

बाप एका वाक्याच्या अंतरावर होता. सागिननं खांब आणखी घट्ट धरला आणि पुन्हा हाक घातली.

काका तरातरा पाटापर्यंत आले. "आता गप्प तरी राहा! पाहुणे फसतायत."

तेवढ्यात तंबूतून सागिनच्या आईचा आवाज चढला. विधवेनं शोकगीत धरलं की ते संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नसतं, मुल्लानंसुद्धा नाही. अंगण चिडीचूप झालं. तिलेकही थांबला. आईनं आधी नवऱ्याचे घोडे गायले, मग त्याचा हात, मग त्याचा राग. आणि मग,

"ऊठ रे घरधन्या, लेकरं तुझी बघ,
एक रडतं दारात, एक पाण्यापल्याड.
दारातल्याला काठीचा आधार,
पल्याडच्याला तूच धर."

काकांनी तंबूकडं पाहिलं, मग सागिनकडं. बोलायची सोय नव्हती. त्यांनी हातातली थोरल्याची काठी सागिनच्या समोर पाटाच्या काठावर रोवली, आणि तिच्यावर स्वतःच ओणवे झाले.