प्रचारातला एक फोटो

“उठू नका मिस्त्रीकाका, हातातलं काम चालू राहू द्या,” ताई दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाल्या.

मिस्त्री उठले नाहीत. दुरुस्तीला आलेलं शिलाई मशीन उघडून ते त्यावर वाकले होते. दोन्ही कोपरं टेबलावर, कपाळ मशीनला टेकलेलं, एक हात चाकावर. हा माणूस कामात असला की देवालाही ओ देत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शेजारचा न्हावी हातात कंगवा घेऊन आपल्या दारात आला आणि हसत म्हणाला, “तुम्ही बोला बिनधास्त. मान वर करणार नाहीत, पण ऐकतात सगळं.”

ताई नगरसेवकपदाला उभ्या होत्या. पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा त्यांचा छोटासा कारखाना होता आणि त्यात याच वस्तीतल्या बायका कामाला होत्या. सभेत माईक हातात आला की त्यांच्या घशाला कोरड पडायची. म्हणून त्यांनी दुकानादुकानांत जाऊन बोलायचं ठरवलं होतं. पण सकाळपासून एकानेही त्यांना वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. किराणावाल्याने गटाराचं गाऱ्हाणं मांडलं, चष्मेवाल्याने पार्किंगचं. कापडवाला तर म्हणाला, “बाई, निवडून आल्यावर तोंड दाखवा म्हणजे झालं.”

इथे पहिल्यांदाच कोणी शांतपणे ऐकून घेत होतं. ताईंना हुरूप आला. स्टूल ओढून त्या मिस्त्रींच्या शेजारी बसल्या.

“काका, शाळांचे गणवेश आज बाहेरगावाहून शिवून येतात. का? आपल्याकडे शिवणाऱ्या बायका नाहीत? नगरपालिकेचं असलं काम आधी वस्तीतच दिलं पाहिजे. घराघरांत धूळ खात पडलेली मशिनं चालू लागतील. ती चालली की बिघडतील, बिघडली की तुमच्याकडे येतील, आणि मग तुम्हालाही हाताखाली माणसं ठेवावी लागतील. रोजगार म्हणजे दुसरं काय हो? आभाळातून पडत नाही तो. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो.”

दाराशी उभ्या असलेल्या दिरांनी मान डोलावली. ताईंचा प्रचार तेच सांभाळत होते. “वहिनी, आज काय बोललात! हेच त्या दिवशी सभेत बोलला असतात तर! थोडं त्यांच्याकडे वाका. हां, अस्संच.” त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि तिथल्या तिथे वस्तीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘छोट्या दुकानदारांच्या पाठीशी.’

“मग काका, मत मला ना?” ताईंनी विचारलं.

मिस्त्री गप्प.

“गप्प बसले म्हणजे होकार समजायचा!” दीर म्हणाले. न्हावी खो खो हसला. ताईही हसल्या आणि निरोप घ्यायला म्हणून त्यांनी मिस्त्रींच्या चाकावरच्या हातावर हात ठेवला.

हात लोखंडाइतकाच गार होता.

ताईंनी पुन्हा हाक मारली. मग खांदा हलवला. मिस्त्रींचं सगळं अंग एकदम, लाकडासारखं हललं आणि चष्मा टेबलावर पडला. ताई किंचाळल्या नाहीत. त्या स्टूलवरून उठल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. न्हावी कंगवा टाकून समोरच्या डॉक्टरांकडे धावला.

डॉक्टरांनी मनगट धरलं, पापणी उघडून पाहिली. “हार्ट अटॅक असावा. दोन-तीन तास तरी झालेत,” ते म्हणाले. “कोणाच्या लक्षात आलं नाही?”

“मी दोनदा दारातून हाक मारली,” न्हावी म्हणाला. “वाटलं, कामात आहेत.” आणि तो पायरीवर मटकन बसला.

दीर ताईंच्या जवळ आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “वहिनी, आपण निघू या. हे बाहेर कळलं तर लोक तोंडात शेण घालतील. मेलेल्या माणसाकडे मतं मागितली म्हणतील.”

“मागितलीच की,” ताई म्हणाल्या. “भावजी, आधी तो फोटो काढून टाका.”

दिरांनी फोटो काढून टाकला. पण तोवर तो साऱ्या वस्तीने पाहिला होता. कोणी अंगठ्याचं चिन्ह टाकलं होतं, कोणी लिहिलं होतं, ‘मिस्त्री काय मन लावून ऐकताहेत!’

तेवढ्यात टेबलावरचा मिस्त्रींचा फोन वाजू लागला. पडद्यावर ‘घर’ असं नाव आलं. डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. न्हाव्याने मान खाली घातली. दीर हलक्या आवाजात म्हणाले, “वहिनी, नका उचलू. न्हावी सांगेल त्यांना, शेजारी आहे.”

ताईंनी क्षणभर डोळे मिटले. त्यांच्या तळहातावरचा गारठा अजून गेला नव्हता. आपणच सांगायला हवं, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी फोन उचलला.

“काकू, मी बोलतेय. निवडणुकीला उभी आहे ती. मिस्त्रीकाका…”

“अगंबाई, ताई तुम्ही! अजून दुकानातच का?” पलीकडून मिस्त्रींच्या बायकोचा मोकळा, हसरा आवाज आला. “फार बरं केलंत हो. कधीपासून फोन उचलत नव्हते, मला मेलीला नको नको ते वाटत होतं. चप्पल घालून बघायला निघालेच होते, तेवढ्यात तुमचा फोटो आला आणि माझा जीव भांड्यात पडला.”