पुढे गेलेला पाक

परचुरेकाकांनी रवा लाडू टेबलावर आपटून पाहिला. लाडवाला काही झालं नाही. कुमुदताईंचा पाक पुढे गेला होता, आणि शेजारच्या बालवाडीच्या छपरासाठी वृद्धाश्रमाने मांडलेल्या विक्रीत नेमके त्यांचेच लाडू पडून होते.

बाईंचं तोंड उतरायला नको म्हणून काकांनी आश्रमातल्या सगळ्यांना गुपचूप पाकिटं घ्यायला लावली. कवळ्या सांभाळत सगळ्यांनी घेतली.

संध्याकाळी चहात बुडवलेला लाडू विरघळायचं नाव घेईना. तरी काका म्हणाले, "छान झालेत हो."

"कसले छान? पाक मुद्दामच पुढे जाऊ दिला," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "गेल्या वर्षी मऊ केले, तर विक्रीआधीच तुम्ही मंडळींनी चाखून चाखून डबा संपवलात. यंदा निदान विकत घेतलेत."