चौकटीतली करवंदी

डोंगरीच्या बुजवलेल्या दगडखाणीवर क्षितिजाबाई दर मार्चमध्ये शाळेतली मुलं नेत आणि रान किती परत आलं ते पाहायला दोरीच्या चौकटीतली रोपं मोजून घेत. आपोआप उगवलेलीच धरायची, असा नियम होता. पूर्वी त्याच खाणीत दगड फोडणारी शकूआजी दर वर्षी तिथं येऊन एकच विचारी, "करवंदी आली काय?"

२००६ साली करवंदीचं रोप दिसलं. मुलं नाचू लागली. बाई वाकल्या. रोपाच्या मुळाशी कुंडीतल्या तांबड्या मातीचा गोळा होता.

"आजी, हे तुम्ही लावलंत ना? मग नाही मोजता येणार."

"नको मोजू, बाय. आपोआप येईपर्यंत मी न्हाय राहायची." आजीनं पदरानं रोपावर सावली धरली. "खाण उघडली तवा हितली करवंदीची शेवटची जाळी मीच तोडली हाय."