रिमोटच्या दांड्या

"पुन्हा दांडी निसटली! पोरासोरांच्या बोटांसाठी बनवतात की काय हे रिमोट?" शेजारी बसून हे पुटपुटले. महिनाभरात यांनी खेळण्यातल्या विमानाच्या रिमोटच्या दांड्या दोनदा उंच केल्या, आतली स्प्रिंग कडक केली, पडाव बाजारातून सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणून वर चढवली. मीही गुपचूप यांच्या शर्टांना टिचबटणं लावली आणि चहा अर्धा कपच देऊ लागले. सासऱ्यांचं, अण्णांचं, याच वयात असंच सुरू झालं होतं, त्यामुळे घरात कोणी विषय काढत नव्हतं.

रविवारी जत्रेच्या मैदानात, मेला ग्राउंडवर, यांचं विमान वर गेलं, डगमगलं आणि सरळ माझ्या डोक्याच्या दिशेनं आलं. आमच्या लेकीनं, निधीनं, यांच्या हातातून रिमोट हिसकावला, विमान वळवलं आणि अलगद गवतावर उतरवलं.

"बाबा, स्टिक तो एकदम बढ़िया है, उगाच नावं ठेवता..." पोरगी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"ऊन डोळ्यांवर आलं असेल," मी घाईनं म्हटलं. आकाश ढगांनी भरलेलं होतं.

यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. मी ते पटकन माझ्या हातांत घेतले, तरी थरथरायचे थांबेनात.



"दांड्या पहिल्यापासून ठीकच होत्या, शरयू. माझे हात अण्णांसारखे व्हायला लागलेत."