मोज्यांच्या जोड्या

वाळलेल्या कपड्यांचा ढीग सोफ्यावर टाकून आजोबा नातीसोबत मोजे जुळवत बसले होते. चार वर्षांची ती चिमुरडी निळ्याशेजारी निळा, छोट्याशेजारी छोटा लावून बघत होती. शेवटी हातात पट्ट्यापट्ट्यांचा एकच राहिला, तशी म्हणाली, "आजोबा, याची जोडी हरवली."

तेवढ्यात मुलगा तणतणत आला. "बाबा, हिला कसले खेळ लावून देता? तिच्या गणिताची वेळ झाली!" आणि पोरीला काखोटीला मारून आत घेऊन गेला. आजोबांनी जुळवलेले मोजे कपाटात ठेवून दिले.

आतून टॅबवरच्या गणिताच्या ॲपमधली बाई लाडेलाडे विचारत होती, "सांग बाळा, या मोज्याची जोडी कुठली?" पोरगी जांभया देत होती.

थोड्या वेळाने मुलगा घाईघाईने बाहेर आला. चेहरा नुसता उजळलेला.

"बाबा, कसलं डोकं चालवलंय बघा या ॲपवाल्यांनी! पुढचा धडा खऱ्या मोज्यांवर घ्या म्हणतायत. ते कपाटातले मोजे जरा पुन्हा विस्कटून द्या. आणि तुम्ही मध्ये मध्ये करू नका, मी शिकवतो तिला."