शिखरावरची वही

आमच्या गिर्यारोहण मंडळाचा रिवाज आहे. शिखरावर लोखंडी पेटीत एक वही असते. वर पोचणारा प्रत्येक जण तिच्यात नाव, तारीख आणि पुढे कुठे निघालो ते लिहितो. वही भरली की ती खाली आणायची, नवी ठेवायची. हे काम द्रेयत्सकाकांचं. पण तीन वर्षं ते नवी वही घेऊन वर जातात आणि तीच घेऊन परत येतात. लोक आता जुन्या भरलेल्या वहीच्या पुठ्ठ्यावर नावं लिहितात.

मी या गावात नवी आणि मंडळाची सचिवही नवीच. म्हणून रविवारच्या चढाईचं ठरवायला काकांच्याच घरी गेले. टेबलावर नकाशा पसरला. पहाटे चारला निघायचं, सहा तासांचा चढ, शेवटी साखळ्या धरून कडा, वाटेत पाण्याचा थेंब नाही.

"यंदा मी एकटी जाते, काका. तुमचा काही भरवसा नाही, परत नवीच वही खाली आणाल!"

"जा की," काका म्हणाले. हसले नाहीत.

मिल्काकाकूंनी नकाशा जरा सरकवला आणि जवाच्या सुपाचे चार वाडगे मांडले.

"आपण तर तिघंच आहोत. अजून कोण यायचंय, काकू?"

काकू चमचे पुसत राहिल्या.


काका नकाशाची घडी घालत म्हणाले, "जुनी वही जपून आण. शेवटच्या पानावर तीन वर्षांपूर्वी आमच्या पोराने लिहिलंय, ‘आता उतरतोय. जेवायला घरीच.’"